पाटी आणि तीन घड्याळे यांच्या संग्रामाची हकीकत

श्रोत्यांनी सावधचित्त असावे. मोठमोठ्या लढाया लिहिणारे पुष्कळ झाले, परंतु बागेतल्या पायवाटेवर जो रणसंग्राम जाहला त्याची दखल कोणी घेतली नाही, सबब हे लिहिणे प्राप्त झाले.

राजश्री मोजणीकाका, जमीनमोजणी खात्यातून सन्मानाने निवृत्त, यांस लेकीचे फर्मान आले की, रविवारी आपली पहिली लांब पल्ल्याची शर्यत, तरी उत्तम जीपीएस घड्याळ पारखून द्यावे, बाबांच्या मोजमापावर आपला पूर्ण भरवसा. काकांची छाती चार बोटे फुगली आणि त्यांनी दुकानदाराशी मसलत करून तीन मातबर घड्याळे आठवड्याच्या बोलीने आणविली. पहिले नकाशांचे जहागीरदार, दुसरे महिनाभर चार्जिंगवाचून तग धरणारे, आणि तिसरे ऐसे नखरेल की झोप, दम, ठोके, सर्वांची चौकशी करणारे. मग तिन्ही एकाच हातावर चढवून स्वारी बागेत दाखल झाली.

दाराशी पाटी होती, 'एक फेरी, १००० मीटर'. ही मोजणी खुद्द काकांनी वीस वर्षांमागे केली होती आणि तिच्या भरवशावर अवघे सकाळचे मंडळ किलोमीटर मिरवीत असे. फेरी पुरी होताच पहिले घड्याळ ९७३ वदले, दुसरे ९७०, तिसरे ९६६. काकांनी तिघांसही लबाड ठरविले. दुसरे दिवशी पुन्हा, तिसरे दिवशी उलटे चालून पाहिले, तरी आकडे हटेनात. काकांच्या अंगाचा तिळपापड झाला, तो तिसऱ्या घड्याळाने अर्ज केला की, हुजुरांचे ठोके वाढले, अंमळ विसावा घ्यावा. "गप रे!" ऐसे काका मनगटावर खेकसले आणि तिघांच्या हद्दपारीचा हुकूम लिहावयास बसले.

लिहिता लिहिता हात थबकला. कमी भरले ते तीसेक मीटर, आणि मोजणीची टेप तीस मीटरची! मग सारे आठवले. त्या दिवशी मोजणी निम्म्यावर असता माळ्याने चहा आणला, आणि चहानंतर मोजून झालेली एक टेप काकांनी पुन्हा हिशेबात धरली. गुपचूप टेप लावून पाहिली, तो नेमके ९७०. आता घड्याळे खोटी ठरवावी तर नाव राहते पण लेक घड्याळाविना धावते, आणि खरे सांगावे तर इभ्रत जाते. दोन दिवस काकांस अन्न गोड लागेना.

शनिवारी सकाळी मंडळ जमले असता काकांनी दुसरे घड्याळ लेकीच्या मनगटी बांधले आणि सर्वांदेखत जाहीर केले, "घड्याळ बरोबर आहे. पाटी चुकली. चूक माझी."

दातांचे डॉक्टर, जे रोज पाच फेऱ्या मारून पाच किलोमीटरची फुशारकी मारीत, ते ओरडले, "अहो, म्हणजे वीस वर्षं मी रोज दीडशे मीटर कमी चालतोय?"

"हो," म्हणून काकांनी मान खाली घातली. फार लाज वाटली.

लेकीने घड्याळाचे बटण दाबले. "चला डॉक्टरकाका, आजचे दीडशे मी मोजते. बाबा, तुम्ही पुढे व्हा."

मग काका आघाडीस, मागे कुरकुरणारे डॉक्टर आणि पिछाडीस अवघे मंडळ, ऐसी फौज चालली. येणेप्रमाणे मोहीम फत्ते झाली, उरलेली दोन घड्याळे मानाने परत गेली, आणि हजार मीटर खरोखर जेथे पुरे होतात तेथे लेकीने घड्याळ पाहून "इथे" म्हटले, तेथेच काकांनी पांढरी रेघ ओढली, जन्मात पहिल्यांदा टेप न लावता.