मास्तरांच्या दारातला टाहो

बायको गेल्यापासून सादिरकुल मास्तरांच्या दारात चिटपाखरू फिरकत नव्हतं. मुलगा मेदेर मॉस्कोत टॅक्सी चालवायचा आणि बोलावलं की त्याला हमखास सुट्टी नसायची. त्यामुळे गावात नव्यानं आलेला गुरांचा रशियन डॉक्टर गेनादी "मला किरगिझ शिकवा" म्हणत आला, तेव्हा मास्तरांनी त्याला जवळजवळ ओढूनच घेतलं. आदल्या दिवशी गेनादीनं एकाच्या गायीची सुई दुसऱ्याच्या घोड्याला टोचली होती. कुणाचं, कुणाला, कुणाकडून, हे शिकणं त्याला भागच होतं.

"'माझे बाबा' घे आणि सगळे प्रत्यय लाव," मास्तर म्हणाले. "मी आत बोरसोक, आपले पिठाचे गोळे, तळतो. मला ऐकू येईल असं म्हण. सूर लांबव, म्हणजे डोक्यात बसतं."

गेनादी दाराबाहेर कुत्र्यांसाठी आणलेल्या काठीवर रेलला आणि त्यानं गळा काढला, "माझे बाबाऽ! माझ्या बाबांचाऽ! माझ्या बाबांनाऽ!"

आता त्या मुलखात काठीवर रेलून, दारात उभा राहून पुरुष असा टाहो फोडतो तो एकाच प्रसंगी. त्यात आतून तळणीचा वास. तो तर गेलेल्यांच्या आत्म्यासाठी काढतात. शेजारच्या बुरूलनं कपाळावर हात मारला.

"मास्तर गेले गं बाई! पोटचा पोर तिकडं, अन् रडायला परका!"

तिनं आधी मेदेरला फोन लावला, मग गाव गोळा केला.

पुरुषमंडळी रडतच आली आणि रीतीप्रमाणे एकेक जण गेनादीच्या गळ्यात पडू लागला. त्याला वाटलं, आपले उच्चार लोकांना भलतेच आवडले. तो आणखी जोरात ओरडू लागला. कुणी मयत ठेवायला अंगणात तंबू ठोकायला घेतला, कुणी मेंढी ओढत आणली. गलका ऐकून मास्तर हातात झारा घेऊन बाहेर आले.

"अरे, कोण गेलं?"

"तुम्हीच!" बुरूल किंचाळली.

उलगडा झाल्यावर माणसं पोट धरधरून हसली. मग चहा झाला, बोरसोकांचा फडशा पडला. इतकी माणसं मास्तरांच्या घरात बायकोच्या मयतानंतर प्रथमच जमली होती. त्यांना फार बरं वाटलं, आणि असं बरं वाटावं याचं वाईटही वाटलं.

तेवढ्यात बुरूलचा फोन वाजला.

"मेदेर आहे. विमानतळावर पोचलाय, ढसाढसा रडतोय बिचारा. घ्या, सांगा त्याला तुम्ही धडधाकट आहात म्हणून."

मास्तरांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"सांगू या की," ते हळूच म्हणाले. "पण विमान एकदा उडू दे."