उकंडरावाची कानफाटी

उकंडरावाकडून फोटो काढून घ्यायचा असेल, तर उकंडराव समोर आहे हे आधी विसरावं लागे. नाही विसरलात, तर बसा संध्याकाळपर्यंत. अमरावतीच्या एका जिनिंगवाल्या शेठजींना त्यानं असंच बसवलं होतं. डोक्यावर पगडी, हातात छडी, छाती फुगवलेली. उकंडराव कॅमेऱ्यामागच्या काळ्या कपड्यात डोकं घालून गप्प.

"अबे, काढ ना!" तासाभरानं शेठजी खेकसले.

"हे तोंड तुमचं नाही," कपड्यातून आवाज आला. "तुमचं येऊ द्या. मले कोनती गाडी पकडाची आहे!"

शेवटी शेठजींना एक दणदणीत जांभई आली आणि खटका वाजला. शेठजींनी फोटो घेतला नाही, उलट शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी शेठाणीबाई येऊन तोच फोटो पदराखाली घालून घेऊन गेल्या. म्हणाल्या, "हेच आमच्या घरचे."

लग्नात तर त्याची आणखीच तऱ्हा. मांडवात शिरण्याआधी विडीची राख उडवून वारा कुठून येतो ते पाही. "नवरदेवाले आपला वास नाही लागला पाह्यजे." मग केळीच्या खांबाआड उकिडवा बसे. एका वरमाईनं चोर समजून त्याच्यावर पाण्याचा तांब्या रिकामा केला. हा हलला नाही. त्या बाईचा तो रागावलेला फोटो मात्र फार सुंदर आला होता.

लोक त्याला येडा म्हणत. म्हणोत! म्हणणाऱ्यांपैकी एकानं तरी एलिचपूरच्या पुढे पाऊल टाकलं होतं का? या माणसानं संत्र्याच्या बागेतला आपला हिस्सा भावाला देऊन टाकला आणि लाकडी कॅमेरा खांद्यावर घेऊन घर सोडलं. जहाजाच्या भटारखान्यात कांदे चिरत जग पाहिलं. बंदर आलं की उतरायचं आणि रानात घुसायचं. आफ्रिकेचा सिंह, ब्रह्मदेशातले नदीत डुंबणारे हत्ती, दक्षिणेच्या टोकाला काळे कोट घालून उभे असलेले पक्षी. हे फोटो त्यानं अकोल्यात मांडले, तेव्हा एक म्हातारा त्या पक्ष्यांपुढे हात जोडून उभा राहिला. त्याला वाटलं, वकील मंडळी आहे.

एवढं सगळं झालं, पण वाघ राहिला होता. "जगाचं जनावर पाह्यलं बाबू, घरचंच राह्यलं," तो मला म्हणे. मी जंगलखात्याच्या कचेरीत कारकून, म्हणून बाबू. मेळघाटात शिरायला जंगलचा पास लागे आणि तो दर उन्हाळ्यात मीच त्याला मिळवून देई. धारणीकडच्या एका पाणवठ्यावर एक वाघीण येई. तिचा डावा कान फाटलेला, म्हणून हा तिला कानफाटी म्हणे. चार उन्हाळे हा तिच्यासाठी त्या पाण्याकाठी झुडपात बसला. परत आला की मी विचारी, "झालं का काम?" तो मान हलवून नाही म्हणे आणि विडी पेटवी.

पाचव्या उन्हाळ्यात आमच्या कचेरीच्या गोऱ्या साहेबांनी एक वाघ मारला. चिखलदऱ्याच्या बंगल्यापुढे तो आणून टाकला. साहेबांना वाघावर बूट ठेवून फोटो हवा होता. मी साहेबांबरोबर छावणीत होतोच. उकंडरावाला आणायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

उकंडराव आला. स्टँड उभा केला, कॅमेरा चढवला आणि मग वाघाकडे पाहिलं. डावा कान फाटलेला होता. तो तिथंच मातीत बसला. मला पाहवेना.

साहेब बूट पुसून तयार. "काय झालं?"

"मेलेल्याचा फोटो काढाले मले कायले आनलं?" उकंडराव म्हणाला. "थे आता कुठी पळून चालली का?"

मी घाईनं इंग्रजीत सांगितलं, "साहेब, तो म्हणतो उजेड कमी आहे."

पण भटारखान्यातलं इंग्रजी उकंडरावाला येत होतं ना! तो उठला. "बाबू खोटं सांगते साहेब. उजेड भरपूर आहे. मी नाही काढत."

साहेबांचा चेहरा लाल झाला. फोटो काढला नाहीस, तर जंगलचा पास कायमचा बंद, मेळघाटात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी बजावलं. मी उकंडरावाची बाही ओढली. अहो बाबा, एक खटका दाबा आणि मोकळे व्हा! त्यानं खिशातून पास काढला, उलगडला आणि साहेबांच्या बुटासमोर मातीत ठेवला.

"पाय ठेवाची हौस असन, तं याच्यावर ठेवा."

बंगल्यापुढचे सगळे शिपाई एकदम आपापल्या पागोट्याशी चाळा करू लागले. उकंडरावानं सावकाश स्टँड मिटला आणि घाटाची वाट धरली.

मी त्याच्यामागे धावलो. माझी नोकरी जायची वेळ आली होती. मी त्याला वाटभर शब्दांनी झोडपलं. "चार उन्हाळे तिच्यापायी उन्हात वाळले तुमी! आज ती समोर होती. मेलेली का असेना, एक फोटो तं राह्यला असता. आता काय राह्यलं तुमच्यापाशी? पास गेला, वाघीण गेली!"

तो एका दगडावर टेकला.

"मांगच्या उन्हाळ्यात आली होती बाबू. अशी समोर. इथून त्या सागापर्यंत."

"मंग?" मी ओरडलोच. "काहून नाही काढला?"

"दोन लेकरं होते संग. एवढुशे. लय तान लागली होती त्याहिले. खटका वाजला असता, तं पळाले असते. म्हनलं, पिऊ दे."

"अन् पिऊन झाल्यावर?"

"पेले अन् गेले."

मला रडू आलं, सांगायला लाज कसली. मी त्याच्याजवळ बसलो. खाली मेळघाट उन्हात करपून पिवळा पडला होता आणि उकंडराव त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहत होता.

"यंदा तो पानवठा लवकर आटला," तो म्हणाला. "दुसरं पानी कुठी आहे, थे दाखवलं असन का बाबू तिनं त्याहिले?"