गळाला लागलेले सासरे

नियोजनात मला तोड नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. कवळ्या बनवणं हा माझा धंदा. केसाएवढी चूक झाली तर गिऱ्हाईक माझ्यावर दातओठ खायला मोकळं. म्हणजे, त्याला खाता आले तर!

तेव्हा रविवारी सासऱ्यांना घेऊन एका खेड्याजवळच्या तळ्यावर मासे धरायला जायचं, याची आखणी मी पंधरा दिवस आधी केली. सासऱ्यांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. कानानं काम करायची सवय, तोंडानं नाही. अकरा वर्षांत ते माझ्याशी "बरं" आणि "बघू" यापलीकडे बोललेले नव्हते. तळ्याकाठी दिवसभर शेजारी बसल्यावर माणूस गप्प राहून राहील किती? मी विचारलं आणि ते चक्क "येतो" म्हणाले. तिसरा शब्द! मी हवेत तरंगायला लागलो.

शनिवारी दुपारी ते आले. त्यांचा चहा होईपर्यंत मी नवी काठी घेऊन गच्चीवर सरावाला गेलो. गळ फेकण्याआधी मागे बघा, असं दुकानदारानं बजावलं होतं. मी ऐटीत पुढे बघून फेकला. दोरी कुठेतरी अडकली. मी जोर लावला.

"ओढू नका," मागून सासरे शांतपणे म्हणाले. चहा संपवून ते कधी वर आले आणि माझ्याकडे पाठ करून रस्ता बघत उभे राहिले, मला कळलंच नव्हतं.

गळ त्यांची पँट भेदून मागच्या बाजूला, बसायच्या जागी, पक्का रुतला होता. बायको धावत वर आली. दोरी कापायला कात्री शोधली, तर ती शेजारणीकडे, आणि शेजारीण बाहेरगावी. दोरी ताणली तरी दुखे, सोडली तरी दुखे. शेवटी पुढे सासरे, मागे काठी धरून मी, अशी आमची वरात तीन जिने उतरून समोरच्या डॉक्टरांकडे निघाली. रस्त्यावरच्या एकानं मला विचारलं, केवढ्याचा आहे हो?

डॉक्टरांनी पेशंटकडे बघायच्या आधी काठीकडे बघितलं. मग गळ पाहून म्हणाले, "याला तळ्यातला मासा नाही, म्हैस लागेल." पालथे झोपलेले सासरे खदखदून हसले. मी त्यांना हसताना प्रथमच बघत होतो, तेही उलट्या बाजूनं.

गळ निघाला आणि त्याबरोबर सासऱ्यांच्या तोंडाचं बूचही. लहानपणची नदी, कणकेच्या गोळ्या, हातातून निसटलेला मासा, सगळं बाहेर आलं. डॉक्टरही त्याच वेडाचे निघाले. त्या दोघांच्या गप्पा रंगल्या. बाहेर पेशंट खोळंबले, आणि मी काठी धरून कोपऱ्यात.

रविवारी पहाटे पाचला खाली हॉर्न वाजला. डॉक्टरांची गाडी होती. मागची सीट सामानानं भरलेली, त्यामुळे जागा एकच. सासरे माझी काठी आणि माझा डबा घेऊन निघाले. मी दारापर्यंत गेलो, तर ते मुलीला हळूच म्हणाले, "जावई मनानं चांगले आहेत. पण त्यांना घरातच ठेव."

संध्याकाळी ते चार मासे घेऊन परतले. खाली बसता येत नव्हतं म्हणून उभ्या उभ्याच तास-दीड तास माझ्याशी बोलले. गळ कसा फेकू नये, या एकाच विषयावर. मी मान खाली घालून ऐकत होतो, आणि खरं सांगायचं तर इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. हे मात्र बायकोला कळू देऊ नका.