मौजे आंबेघळचा कौल आणि दोन परगण्यांचा साकव

श्रीभैरव समर्थ. शके एकोणीसशे एक्केचाळीस, विकारी नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, मौजे आंबेघळ येथील बयोबाई खरात यांचे पत्र या लेखकास आले. बाई आणि लेखक एके काळी एका बाकावर शिकलेले, पुढे लेखक शहरात येऊन ग्रंथालयात पुस्तके राखीत म्हातारा जाहला. पत्रात बाईंनी पुसिले की, "भाऊ, तू इतकी पुस्तकं वाचलीस, तर एवढं सांग. ज्याला गावानं मत दिलं तो पडला, जो निवडून आला तो म्हणतो तुम्ही माझे नव्हं. मग दरबारात आमचा माणूस कोण?" प्रश्न एका ओळीचा, उत्तरही तितकेच असावे, परंतु लेखकाचा स्वभाव भित्रा, ग्रंथ उघडिले तर एक एक म्हणे आणि दुसरा दुसरे म्हणे, मसुदे केले आणि फाडिले, आणि उत्तर राहिले. आता जे घडले ते ऐकिल्याप्रमाणे लिहितो. कमीजास्त असेल ते वाचणारांनी सांभाळून घ्यावे.

त्या राज्याची रीत ऐसी की, दर पाच वर्षांनी एकेका परगण्याने आपला एक प्रतिनिधी निवडून दरबारी पाठवावा, आणि त्याने रयतेची गाऱ्हाणी तेथे मांडावी. आंबेघळ हे गाव ओढ्याच्या दोहों काठी वसलेले, भैरोबाचे देऊळ आणि शाळा अलीकडे, निम्मी घरे पलीकडे, आणि मध्ये लाकडी साकव. गावची चाल पूर्वापार अशी की, मतदानाआधी सारा गाव देवळात बसावा, तुका गुरवाने उमेदवारागणिक एक एक ओली पाकळी देवाच्या अंगी चिकटवावी, ज्याची पाकळी आधी उजवीकडे पडेल त्यास देवाचा कौल मिळाला ऐसे समजावे, आणि मग साऱ्यांनी देवापुढचा भंडारा उचलून शपथ घ्यावी आणि त्यालाच मत द्यावे. आजवर कोणी मोडिले नाही. त्यामुळे गावचा दरारा मोठा. उमेदवार गाडीतून उतरून चिखलातून देवळापर्यंत चालत येत आणि गुरवासही रामराम करीत, आणि शाळेचे पत्रे, नळ, देवळापुढची फरशी ही सारी त्या एकगठ्ठा मतांवर आली.

मग राज्यात परगण्यांच्या हद्दी नव्याने आखणे जाहले. आखणारांनी नकाशावर ओढा पाहिला, रेघ ओढावयास सोयीचा दिसला, म्हणून ओढ्यावरूनच रेघ ओढिली. अलीकडचा काठ एका परगण्यात राहिला आणि पलीकडचा दुसऱ्यात गेला. त्याचा जाहीरनामा चावडीवर डकविला होता. लोकांनी पाहिला आणि जमीनमोजणीचा असेल म्हणून सोडिला, कारण मोजणीचे कागद तेथे नेहमीच असत. निवडणूक आली, सारा गाव पूर्ववत देवळात बसला, पाकळी जयसिंगरावांची पडली, आणि दोहों काठच्या लोकांनी भंडारा उचलिला. जयसिंगराव अलीकडच्या परगण्यात उभे होते, हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

मतदानाचे दिवशी पलीकडच्या केंद्रात पहिल्या बयोबाई गेल्या. यंत्रावर पाहतात तो जयसिंगरावांचे नाव नाही, चिन्ह नाही, सारी नावे परकी. त्यांनी खालवर दोनदा पाहिले आणि केंद्राधिकाऱ्यास बोलाविले की, यंत्र दुसऱ्या गावचे आले आहे. अधिकारी भला होता, त्याने रेघेची हकीकत समजावून सांगितली. बाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बरं, मग आमचं मत तेवढं पलीकडं पोचतं करा. ओढ्याला काही लई पाणी न्हाई." अधिकारी हसला आणि म्हणाला की मावशी, मत पोचते करता येत नाही. बाहेर रांगेत कुजबुज जाहली. दुसऱ्यास द्यावे तर भंडारा मोडतो, न द्यावे तर बोटास शाई लागलेली. शेवटी साऱ्यांनी यंत्रातले शेवटचे, 'यांपैकी कोणी नाही' असे बटण दाबिले आणि देवाचे सांभाळले म्हणून घरी आले.

निकाल लागला तेव्हा अलीकडे जयसिंगराव थोडक्या मतांनी पडले आणि भगवंतराव आले. पलीकडे दिनकरराव आले. पुढल्या श्रावणात ओढ्यास पूर आला, साकव वाहून गेला आणि काठ खचून ओढ्यात उतरावयास वाट राहिली नाही. पलीकडची मुले शाळेस मुकली, आणि बयोबाईंची थोरली बहीण काशीबाई अलीकडे अंथरुणास खिळलेली, तिच्यापाशी जावयाचे तर घाट उतरून दुसऱ्या गावच्या पुलावरून दिवसाची वाट. दोघी बहिणी दोहों काठी. काशीबाईंची सून अंगणात उभी राहून हाका मारून प्रकृती सांगे आणि बयोबाई ऐकत, पाण्याचा आवाज वाढला म्हणजे तेही बंद होई.

नवा साकव व्हावयाचा तर दोहों प्रतिनिधींची शिफारस पाहिजे. बयोबाई आणि गावचे चौघे दिनकररावांकडे गेले. त्यांनी चहा देवविला, कारभाऱ्याकडून केंद्रवार मतांचा कागद आणविला आणि म्हणाले, "मावशी, तुमच्या केंद्रावर मला एक मत न्हाई. एकसुद्धा. मी कुठल्या तोंडानं म्हणू, ही माझी माणसं?" मग भगवंतरावांकडे गेले. त्यांनी चहाही देवविला नाही. म्हणाले की तुमचा गठ्ठा जयसिंगरावांकडे गेला, आता साकवही त्यांच्याकडूनच आणा. एवढे जाहल्यावर बाईंनी वर लिहिलेले पत्र या लेखकास धाडिले.

पुढे चार पावसाळे गेले. एके उन्हाळ्यात दोन ओंडके टाकिले होते, तेही गेले. मग शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी संवत्सरी, पुन्हा निवडणूक आली आणि गाव देवळात बसला, पलीकडचे घाटाने दिवसाचा वळसा घालून आले. तुका गुरव पाकळ्या घेऊन उभा राहिला आणि पुसता जाहला की, कौल एक लावावा की दोन? तेव्हा मोठा कलह जाहला. अलीकडचे म्हणाले, देव एक, गाव एक, कौल एक. पलीकडचे म्हणाले, म्हणजे आम्ही पुन्हा शेवटचे बटण दाबावे काय? कोणी म्हणाले की पलीकडच्यांनी आपला दगड मांडून आपला देव करावा, आणि त्यावरून दोघे हातघाईवर आले. काशीबाईंस खाटेवरून उचलून आणिले होते. त्या म्हणाल्या, "भांडा भांडा, म्या सहा म्हयन्यानं बहिणीला बघतीय, ते तरी बघू द्या."

मग बयोबाई उठल्या. त्या म्हणाल्या, "आपण कुणाला मत दिलं, हे त्या दोघांना कुणी सांगितलं? आपणच. यंत्राला आडोसा लावला सरकारनं, आणि आपण हितं देवळात बसून गावभर वरडलो. गठ्ठा दिसला, म्हणून बोट दाखवता आलं त्यास्नी." गुरव म्हणाला, "मग बयोआक्का, देवाला इचारू काय?" बाई म्हणाल्या, "असं इचार, की यंदा ज्याचं मत त्याच्या पोटात राहू दे का."

गुरवाने दोन पाकळ्या लाविल्या. बराच वेळ दोन्ही हलल्या नाहीत. कोणी म्हणाले देव रुसला, कोणी म्हणाले पाणी जास्त लाविले. मग उजवी पडली, म्हणजे देवाचा होकार आला. साऱ्या गावाने भंडारा उचलिला की, मत आपल्या मनाने देऊ आणि कोणास सांगणार नाही, नवऱ्याने बायकोस नाही, बहिणीने बहिणीस नाही. तो भंडाराही कोणी मोडिला नाही. उमेदवारांची माणसे घरोघर फिरली, पुसले की यंदा कोणास, तर एकच उत्तर मिळे, "भैरोबाला ठावं." जयसिंगरावांची माणसे तर गुरवाच्या ओसरीवर तळ ठोकून बसली, गुरवाने त्यांस पोह्यांवर पोहे दिले, नाव दिले नाही.

निकाल पुन्हा तेच लागले, भगवंतराव आणि दिनकरराव, परंतु दोघेही काठावर तरले. केंद्रवार कागदात आंबेघळची मते सर्वांस थोडी थोडी पडलेली. आता 'तुम्ही माझे नव्हे' म्हणावे तर कोणास म्हणावे? आणि ज्यांच्या मतांवर आपण तरलो ती येथलीच असतील तर? ऐसे मनात येऊन दोघांनी त्याच महिन्यात शिफारसी दिल्या, आणि पुढल्या उन्हाळ्यात पक्का साकव जाहला. उद्घाटनास दोघे आले, एकाने अलीकडल्या टोकास फीत बांधिली आणि दुसऱ्याने पलीकडल्या, आणि आधी कोणी कापावी यावरून कारभाऱ्यांचे बोलणे लांबत गेले. बयोबाई पहाटेच दोन्ही फितींखालून वाकून जाऊन बहिणीपाशी बसल्या होत्या.

हा मजकूर तुका गुरव डोळा दाखवावयास शहरात आला तेव्हा त्याच्या तोंडून ऐकिला. त्याने बाईंचे मत कोणास गेले हे पुसू दिले नाही, आणि पुसून त्यास ठाऊकही नसते.

तात्पर्य, जो निवडून आला तो साऱ्या परगण्याचा, मत न देणाराचाही, हे ग्रंथांत होते आणि लेखकास ठाऊक होते; परंतु तो तसा वागेलच हे ग्रंथांत नव्हते, म्हणून लिहावयाचे धैर्य जाहले नाही. आता हीच बखर उत्तर म्हणून पाकिटात घातली. पत्ता लिहिताना परगणा कोणता घालावा याचा थोडा विचार पडला. मग 'सौभाग्यवती काशीबाई व बयोबाई, मौजे आंबेघळ, दोन्ही काठ' इतकेच लिहिले, तिकीट लाविले, कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत गेलो आणि पाकीट आत सोडिले. बहुत काय लिहिणे.