चेअरमनसाहेबांच्या सवडीनं

दिंद्रुडच्या अलीकडच्या त्या गावात सोसायटीच्या गोदामाला लागून एक खोली होती. तिला वाचनालय म्हणायचे आणि धर्मराजला ग्रंथपाल. पगाराऐवजी त्याला मान मिळायचा, तोही अधूनमधून!

त्या दुष्काळी साली त्यानं पोरांसमोर छाती ठोकून सांगितलं, "लेखिका आणून दाखवतो! खरीखुरी!"

त्याचं झालं असं, की अंबाजोगाईच्या कौशल्याबाईंचं गोष्टींचं पुस्तक पोरांनी वाचून वाचून पार खिळखिळं केलं होतं. चौथीतली केशर एक दिवस म्हणाली, "दादा, पुस्तकं लिवणारी माणसं जित्ती असतेत का?" धर्मराजला गलबलून आलं. या लेकरांनी आमदार पाहिले, टँकर पाहिले, पण लेखक? छे! त्यानं बाईंना फोन लावला. दसऱ्याआधीच्या शनिवारी यायला बाई तयारही झाल्या. मग गडी रीतीप्रमाणं चेअरमन विठ्ठलरावांकडं गेला. त्या गावात सोसायटीच्या चेअरमनला विचारल्याशिवाय नारळ फुटत नसे, तिथं भाषण कसं होणार?

"अध्यक्ष कोण हाय?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"तुमीच की, साहेब."

"मंग शनिवारी कसं जमंल बे? कारखान्याच्या बॉयलरची पूजा हाय. डायरेक्टर लोकांत बसायचंय मला. पंधरा दिवस म्होरं ढकल."

"पर साहेब, बॉयलर पेटला की..."

"पेटला की काय?"

"काय न्हाई," धर्मराज म्हणाला. हे 'काय न्हाई' त्याला लई महागात पडलं!

बॉयलर पेटला. बॉयलरला ऊस लागतो, उसाला कोयते लागतात, आणि कोयते चालवणारे हात तर याच गावात! एरवी दिवाळीचा दिवा घरी लावून निघणारी माणसं त्या साली पाण्याला कावून, मुकादमाकडून आगाऊ पैशाची उचल घेऊन आधीच रातोरात ट्रॅक्टरवर चढली. भांडी, शेळ्या, कोंबड्या आणि पोरं, सगळं बरोबर. बाई यायच्या दिवशी सकाळी धर्मराज शाळेत गेला, तर वर्गात नुसते मास्तर आणि फळा!

तो धापा टाकत चेअरमनकडं पळाला. "साहेब, पोरंच न्हाईत!"

"गर्दीचं माझ्यावर सोड!" म्हणत विठ्ठलरावांनी रिक्षाला भोंगा बांधला. गल्लोगल्ली पुकारा झाला, "बाहेरून मॅडम येणार आहेत, सर्वांनी हजर राहावं!"

आता दुष्काळात बाहेरून मॅडम कशाला येते? पाहणीला! कौशल्याबाई गाडीतून उतरल्या तेव्हा समोर गावातले झाडून सगळे म्हातारे-म्हाताऱ्या, आणि प्रत्येकाच्या हातात कपाशीची वाळलेली पऱ्हाटी. एकानं बरगड्या नीट दिसाव्यात म्हणून बैल उन्हात आडवा उभा केला होता! बाईंना हार घातला, शाल पांघरली आणि थेट कोरड्या विहिरीवर नेलं. बाई आत डोकावून "अरेरे!" म्हणाल्या. गावाला वाटलं, काम झालं!

"बाई, मंग चारा छावणी कवा?" केशरची आजी भिवराबाई पुढं झाली.

"आजी, मी मुलांसाठी गोष्टी लिहिते हो."

बैलवाल्यानं बैल घराकडं वळवला.

"अगं बया! तुमीच का त्या?" भिवराबाईनं डोळ्याला पदर लावला. "लेकरं तर उसाला गेली. आमची केशर रडत रडत टॅक्टरवर बसली बघा. म्हणली, आजे, बाई आली तर नीट बघून ठिव, कशी दिसती ते."

धर्मराजला तिथंच विहिरीत उडी मारावीशी वाटली. पण तिच्यात पाणी कुठं होतं?

"कुठल्या कारखान्याला गेलीत मुलं?" बाईंनी विचारलं.

धर्मराजनं चेअरमनकडं पाहिलं. "साहेब पूजेला गेलते, त्याच."

"मग चला की! मुलं तिथं, तर मीही तिथं. माझी गाडी उसाच्या फडात रुतेल. चेअरमनसाहेबांची जीप आहे ना?"

सगळ्या गावाच्या नजरा जीपकडं. विठ्ठलराव "डिझेल..." एवढंच बोलले, तोवर भिवराबाई जीपमध्ये जाऊन बसलीसुद्धा!

कारखान्याजवळच्या माळावर उसाच्या वाळल्या पाल्याच्या, पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या होत्या. पोरं उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, वाढ्याच्या पेंढ्या बांधत होती. केशरनं आजीला पाहिलं, मग बाईंना. जवळ येऊन तिनं हळूच बाईंच्या हाताला बोट लावलं. "खरीच हाय!"

विठ्ठलरावांनी घसा साफ केला, पण अध्यक्षाकडं बघतंय कोण? बाई पाचटावर बसल्या आणि त्यांनी गोष्ट सुरू केली. एक झाली, दुसरी झाली. फडातून परतलेल्या आया कोयते हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. धर्मराजनं सहा वर्षं त्या पोरांना पुस्तकं वाटली होती, पण त्यांना इतकं हसताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्याला फार बरं वाटलं, आणि फार वाईटही.

ऊन उतरलं. केशरच्या आईनं सगळ्यांना कोरा चहा दिला. बाईंनी तो पिऊन गिलास खाली ठेवला. "चला, निघते हं मी."

केशर एकदम वाटेत उभी राहिली. "असं कसं? च्या पेलात न्हवं?"

"हो, प्यायले की."

"मंग आमची उचल घेतली तुमी. उचल घेतलेल्या माणसाला हंगाम संपस्तोर जाता येत न्हाई."

आया खळखळून हसल्या, आणि मग एकाएकी हसायच्या थांबल्या. बाईंनी शाल काढून पाचटावर अंथरली आणि त्या परत बसल्या. धर्मराजही गुपचूप बसला, त्यानं तर दोन गिलास घेतले होते.

आणि विठ्ठलरावांनी हातातला चहा, ओठाला न लावता, घाईघाईनं खाली ठेवला!