शंकरण्णांची गिरणी आणि भाट

शंकरण्णा आधी जाहिरात लिहून घेतात आणि मग तिच्यातलं खोटं खोडतात. उरेल ती जाहिरात.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी त्यांच्या पिठाच्या गिरणीत बाकावर बसले होते. फोनमधल्या एआयनं झकास मजकूर दिला होता: 'बसवनगुडीच्या हृदयात वसलेली, परंपरा आणि आधुनिकतेचा सुरेख संगम साधणारी, आपल्या कुटुंबाच्या आरोग्याची विश्वासू सोबती.' शंकरण्णांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

"हृदयात कुठे? बेकरीच्या मागे आहे. ते काढ. आधुनिकता? मोटर माझ्या वयाची आहे. काढ. आरोग्य? मी काय डॉक्टर?"

"परंपरा तरी राहू दे," मी म्हटलं.

"एकटी परंपरा काय करणार? तीही काढ."

उरलं ते असं: 'पिठाची गिरणी. बेकरीच्या मागे. मंगळवारी बंद.' शंकरण्णा खूश झाले. "सरी, ठीक! आता टाक. हा फोनातला भाट आहे गं. समोर राजा नसला तरी स्तुती चालू."

तेव्हापासून एआयचं नाव भाट.

आता मी कोण ते सांगते. मी नागपूरची. नोकरीसाठी बंगळुरूत आले आणि इथे लहान दुकानांसाठी भांडणाऱ्या एका गटाची पत्रकं लिहू लागले. माझं मत साधं आहे. दहा मिनिटांत पीठ दारात आणून टाकणारी ॲपं गल्लीतला माणूस गिळतायत आणि आपण कूपन मिळालं म्हणून माना डोलावतोय. वर शहाणे सल्लागार सांगतात, दुकानदारांनी रोज कंटेंट करावा, गिऱ्हाइकाशी नातं जोडावं. कधी जोडावं? दोन्ही हात पिठात असताना? आणि नातं काय आजपर्यंत नव्हतं? माझं म्हणणं, हत्यार त्यांचं असलं तरी चालवता आपल्यालाही येतं. कंपन्यांसाठी एआय राबतो, तर गिरणीसाठीही राबेल.

शंकरण्णांनी तर सांगूनच टाकलं होतं, "दिवाळीच्या भाजणीला गिऱ्हाईक परत आलं नाही, तर यंत्र विकणार." साठी उलटलेला माणूस, कैक पिढ्या इथल्याच, मराठीत कानडीचं मीठ. त्यांनी शटर ओढलं असतं तर आमच्या पत्रकांची रद्दी झाली असती.

म्हणून मी एक जळजळीत पत्रक लिहून नेलं: 'ॲपांच्या विळख्यातून तुमची भाकरी सोडवा!' शंकरण्णांनी तेही तपासायला घेतलं.

"विळखा कुणी घातला? गिऱ्हाईक स्वतःच बोट दाबतंय की. स्वल्प खरं लिही, पोरी."

"स्वल्प कशाला, सगळंच खरं आहे!" मी तापले.

"सगळं खरं इतक्या जोरात बोलत नसतात."

शेवटी मी हात टेकले. ते बोलणार, भाट ते नीट मांडणार, ते खोडणार आणि उरेल ते मी टाकणार, अशी आमची पद्धत बसली. एकदा गेलं: 'नाचणीनंतर गहू दळला की पहिली मूठ काळपट येते. ती मी माझ्या डब्यात घेतो. म्हणून माझी चपाती रोज वेगळी लागते.' एकदा: 'वीज नाही. मी आहे. या, बसू.' सल्लागारांच्या कुठल्याही नियमात न बसणारं हे लिखाण लोकांनी घरोघरी फिरवलं. येलहंकाहून एक बाई दोन बस बदलून डबा घेऊन आल्या, त्या काळपट मुठीचा माणूस बघायला! गिरणीपुढे परत रांग लागली. मी सांगतच होते.

मग निरोपांचा पूर आला. भाजणी कधी मिळेल, ज्वारी बारीक होईल का. शंकरण्णांचे हात पिठात आणि फोन खणखणतोय. मी भाटालाच उत्तरं द्यायला बसवलं आणि फोनचा आवाज बंद केला. शंकरण्णांनी एकच अट घातली, "खोटं बोलायचं नाही म्हणावं." मी तसं बजावलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी दोन गल्ल्या पलीकडच्या कमलक्का रांग मोडून आत आल्या. हातात टिफिन.

"काय रे शंकर, जेवत नाहीस म्हणे? कुणावर रुसलास?"

"मी कुठे रुसलो?"

त्यांनी फोन नाचवला. इथे माणूस भेटला की आधी 'ऊट आयिता', म्हणजे 'जेवण झालं का', विचारतात आणि मग कामाचं बोलतात. कमलक्का रोज दुपारी फोनवर तेच विचारायच्या. खाली शंकरण्णांच्या नावानं उत्तर होतं: 'मी जेवत नाही. गिरणी आठपर्यंत चालू आहे.'

रांग हसली. मलाही हसू आवरेना. "थांबा, शिकवते त्याला. 'हो, झालं' म्हणेल."

"न जेवता?" शंकरण्णा म्हणाले.

कमलक्कांचं लक्ष त्यांच्या तोंडाकडे. "ते यंत्राचं राहू दे. तू जेवलास का आज? काल?"

शंकरण्णा चाळणी आपटत राहिले.

कमलक्का माझ्याकडे वळल्या. "ह्याची आई गेली तसा हा गिरणीच्या वर एकटाच राहतो. दुपारी कुणी विचारलं की मगच जिना चढतो. नाहीतर सुम्ने, उगाच दळत बसतो."

आणि ते विचारणं मी परस्पर भाटाकडे वळवलं होतं, शंकरण्णांपर्यंत पोचतच नव्हतं. 'मी जेवत नाही.' भाट शब्दन्‌शब्द खरं बोलला होता.

"ते उत्तर देणं बंद कर," शंकरण्णा म्हणाले.

"अण्णा, दिवाळी तोंडावर आहे! तुम्ही टाइप करत बसलात तर गिऱ्हाईक जाईल. गिरणी टिकवायची आहे ना?"

"टिकवायची आहे. म्हणून सांगतोय, बंद कर."

मी बंद केलं. त्यांनीही खटका दाबला. मोटर घरघरत थांबली आणि गल्लीतल्या रिक्षा ऐकू येऊ लागल्या. कमलक्कांचा टिफिन पोत्यावर उघडून शंकरण्णा जेवले. मग हात धुऊन, धोतराला पुसून, फोन घेऊन बसले. तुंबलेले निरोप एकेक करून वर सरकवत, एका बोटानं अक्षरं शोधत होते. रांगेतलं कुणी हललं नाही. कुणी घड्याळही पाहिलं नाही.

मी वाकून पाहिलं. येलहंकाच्या बाईंच्या 'ऊट आयिता'ला त्यांनी लिहिलं होतं: 'झालं. चपाती आणि अवरेकाळूची आमटी. तुमचं?'

आणि उत्तर येईपर्यंत फोन खाली ठेवला नाही.