देहबोलीचा तास

प्रशिक्षण अकराला सुरू व्हायचं होतं आणि साडेदहालाच चित्र अडखळायला लागलं. प्रशिक्षक घरूनच ऑनलाइन शिकवणार होता. कंपनीच्या चाळीस शाखांमधले तीनशे बारा विक्रेते त्याला एकाच वेळी बघणार होते. विषय, ‘देहबोलीतून उत्साह’. शेवटपर्यंत निदान अडीचशे टिकले तर नोकरी कायम, नाहीतर या महिन्यापासून घरी बसा, असं साहेबांनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं.

त्याने नेटवर्कवाल्याला फोन लावला.

“लाइनवर ओझं येतंय,” नेटवर्कवाला म्हणाला. “चित्रात जे हलतं त्यालाच डेटा लागतो. जे हलत नाही ते जवळजवळ फुकट जातं. मागे काय हलतंय?”

“पडदा.”

“काढा. पंखा?”

“चालू आहे.”

“बंद करा. चौकड्यांचा शर्ट बदला. समोरच्यांचे मेसेजही बंद ठेवा. आणि ते हात...”

“अहो, विषयच देहबोली आहे!”

“हात हवेत की नोकरी?”

बायकोने पडदा उतरवला, पंखा बंद केला, साधा शर्ट आणून दिला. “श्वास तरी घेणार ना?” तिने विचारलं.

“हळूच,” तो म्हणाला.

बरोबर अकराला तो मान ताठ करून, हात मांडीवर ठेवून उत्साहाचं महत्त्व सांगू लागला. ओठ तेवढे हलत होते, तेही भरघोस मिशीखाली. आवाज खणखणीत, चित्र लख्ख. नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब येऊन थांबला, तो पुसायची सोय नव्हती. कोपऱ्यातला प्रेक्षकांचा आकडा मात्र घसरत चालला. तीनशे, दोनशे वीस, एकशे चाळीस. “सर अडकले वाटतं,” असं म्हणत लोक चहाला उठत होते, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? लाइनच कुरकुरतेय असं समजून त्याने भुवयाही आवरल्या. ऐंशी.

इतक्यात मुक्कामाला आलेले सासरे चष्मा शोधत खोलीत शिरले. त्यांनी कपाट उघडलं, उशा उलट्यापालट्या केल्या, गुडघ्यांवर बसून पलंगाखाली डोकावलं. चष्मा कपाळावर होता. जावयाला मागे वळता येईना की काही बोलता येईना. संपलं सगळं, असं त्याला वाटलं.

आणि आकडा चढू लागला. दीडशे. अडीचशे. तीनशे बारा. मग तीनशे चाळीस, म्हणजे हेड ऑफिससुद्धा येऊन बसलं होतं. जमलं बुवा, असं मनाशी म्हणत तो आणखी ताठ झाला.

दुपारी साहेबांचा फोन आला. त्याने बोलणं सगळ्यांना ऐकू येईल असं ठेवलं.

“अभिनंदन! कायम केलं तुम्हाला. शेवटपर्यंत सगळे ‘काका, कपाळावर बघा’ म्हणून लिहीत होते. चष्मा सापडल्यावर तर काय तो चेहरा, काय ते हात! देहबोली म्हणतात ती हीच. पुढच्या वेळी त्यांना नक्की बसवा.”

हसावं की रडावं ते त्याला कळेना. त्याने सासऱ्यांकडे पाहिलं.

“येईन की,” चष्मा पुसत सासरे म्हणाले. “पण जावईबापू, तुम्ही जरा बाजूला बसा. मध्ये येता.”